तेल पाजलेली सनई

माझ्या दुकानात येणारा माणूस सनई हातात घेतो, उगाच वर-खाली करून तिचं वजन बघतो आणि एकच प्रश्न विचारतो : लाकडाची चांगली की प्लॅस्टिकची? चाळीस वर्षं लेथवर काढली, त्यातली निम्मी ह्या प्रश्नाला उत्तर देण्यात गेली. गिऱ्हाईक घाईत असेल तर मी 'प्लॅस्टिकची घ्या' म्हणतो आणि हौशी असेल तर 'लाकडाची घ्या' म्हणतो. दोन्ही उत्तरं धंद्याची आहेत. खरं उत्तर द्यायला अख्खी दुपार लागते आणि ते देताना माझी मान खाली जाते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या व्यवसायातल्या गमतीजमती लिहा' असं सांगितलं होतं. गमती थोड्याच आहेत, त्या आधी सांगून टाकतो.

पोलादपुरात महाबळेश्वरकडे फुटणाऱ्या रस्त्यावर माझी शेड आहे. वडील लाकूड कातायचे : लाटणी, पाळण्याच्या दांड्या, भोवरे, पलंगाचे खूर आणि सनया. मी लेथला मोटर बसवली आणि महाडच्या एम.आय.डी.सी.तल्या कंपन्यांची कामंही घेऊ लागलो. सनई बनवणं दिसतं तितकं नाजूक काम नाही. हातभर लांबीचा शिसवाचा दांडा घ्यायचा, त्याला आरपार भोक पाडायचं, ते वरून अरुंद आणि खाली रुंद होत जाईल असं रीमरने कोरायचं. मग बोटांची भोकं. खाली पितळी पेला बसतो आणि वर ताडाच्या पानाची पत्ती, जी वाजवणारा ओठांत धरतो. सगळी करामत आतल्या पोकळीची आणि त्या पत्तीची. बाहेरून बघणाऱ्याला लाकडाची चकाकी दिसते, पण आवाज भोकात असतो.

कठीण असतं ते लाकूड मुरवणं. शिसवाचा तुकडा चुलीवरच्या माळ्यावर निदान तीन वर्षं पडू द्यावा लागतो. वडील म्हणायचे, लाकूड आणि सोयरीक घाईनं करू नये. त्यांनी माझं लग्न आठ दिवसांत उरकलं, पण लाकडाच्या बाबतीत ते शब्दाला पक्के होते. सनई वाजते तेव्हा आतून तोंडाची वाफ लागते आणि बाहेरून ऊन. आतलं अंग फुगतं, बाहेरचं आखडतं. लाकूड मुरलेलं असेल तर सोसतं, ओलं असेल तर चिरतं. म्हणून नवी सनई घेणाऱ्याला आम्ही बजावतो : पहिला महिना रोज थोडीच वाजवा, आणि वाजवून झाली की आतून खोबरेल तेल पाजा. 'पाजा' हाच आमचा शब्द, कारण लाकूड ते खरोखरच पितं.

आता गिऱ्हाइकं. घाटाच्या वाटेवरच्या एका हॉटेलवाल्याला त्याच्या दालनात सनयांचे टेबललॅम्प हवे होते. 'वाजली नाही तरी चालेल, पण शिसवाचीच पाहिजे, पाहुण्यांना कळतं,' असं तो म्हणाला. मी माळ्यावरचे होते नव्हते ते सगळे मुरलेले तुकडे काढले आणि आत वायर जाईल अशा सनया करून दिल्या. पेल्यात बल्ब. दुसरे गिऱ्हाईक तुडीलचे खालूबाजावाले. सावित्रीचं पाणी घरात शिरलं त्या साली त्यांचे ढोल-ताशे फुगून वाया गेले, लाकडी सनई उकलली. माझी प्लॅस्टिकची सनई चिखलात सापडली. त्यांनी ती नळाखाली धुतली आणि उभ्या उभ्या वाजवून बघितली. त्यांचा म्होरक्या मला म्हणाला, "वसंतशेठ, माणसं पन प्लॅस्टिकचीच करा आता. लई टिकतील." तेव्हा मी हसलो होतो.

गमती संपल्या. आता त्या लॅम्पची खरी किंमत सांगतो.

आंबेनळी घाटाच्या बाजूला डोंगरात एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. तिथे शिमग्याला काळकाईची पालखी निघते. ढोल-ताशे कितीही बडवले तरी पालखी खांद्यावर उठते ती सनईचा सूर लागल्यावरच, आणि तो सूर लावायचा मान पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराचा. त्या घरचे धोंडूतात्या. दोन एकर वरकस जमीन, नाचणी-वरी पिकवणारा माणूस, एरवी चारचौघांत तोंड उघडायचा नाही. पण शिमग्याचे ते दिवस वाडीत त्यांच्याशिवाय देव हलत नसे. मुंबईला गेलेले चाकरमानी परत आले की आधी देवीच्या पाया पडत आणि मग तात्यांच्या. त्या माणसाकडे मानाचं म्हणून एवढंच होतं.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. माघ महिन्यात तात्या माझ्याकडे आले. त्यांच्या वडिलांच्या सनईला वाळवी लागली होती. पितळी पेला तेवढा धड होता, तो त्यांनी फडक्यात गुंडाळून आणला होता.

"वसंता, शिमग्याच्या आत पायजे," ते म्हणाले.

माझ्या माळ्यावर एकही मुरलेला तुकडा नव्हता. सगळे हॉटेलच्या दालनात उजेड पाडत होते. तेव्हाच 'नाही' म्हणायला हवं होतं. पण काळकाईच्या पालखीची सनई आमच्या शेडची, हे वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं. मी हो म्हणालो आणि एका ओळखीच्या माणसाकडून वर्षभरापूर्वी तोडलेल्या शिसवाचा ओंडका आणला. बाजारपेठेत एक पाव-बेकरी आहे, तिच्या भट्टीच्या डोक्यावर तो ओंडका पंधरा दिवस ठेवला. वरून असा खडखडीत वाळला की बोटाने वाजवला तर टणत्कार यायचा.

आतलं लाकूड कसं आहे ते रीमर सांगतो. मुरलेल्या लाकडाचा भुसा पिठासारखा खाली पडतो. माझ्या रीमरला त्या दिवशी ओलसर, वळलेले काप चिकटून आले. मी ते बोटांनी काढले, चुरडून बघितले. चुरडले जाईनात. ते मी पाहिलं, मला कळलं, आणि मी मोटर बंद केली नाही. ह्या वाक्यापुढे माझ्याकडे सबब नाही.

तात्या सनई न्यायला आले तेव्हा त्यांनी ती नाकाशी धरली. "पावाचा वास येतो रे हिला," ते म्हणाले. मी म्हणालो, बेकरीवर शेकलीय, जाईल वास. ते हसले. त्यांना वजनही जास्त वाटलं असणार. पण कारागिराच्या हातावर त्यांचा विश्वास होता.

शिमग्याच्या त्या दुपारी मी वाडीवर होतो, दरवर्षीच असायचो. पालखी सहाणेवरून, म्हणजे देवळापुढच्या ज्या ओट्यावर ती ठेवतात तिथून, उठली आणि वाडीच्या वाटेला लागली. ऊन मी म्हणत होतं. तात्या पुढे, पालखी मागे. तासभर वाजवल्यावर एका लांब सुरात सनई चिरली. आवाज मोठा झाला नाही, टिचकी वाजावी एवढाच. पण सूर गेला आणि नुसती हवा फुसफुसू लागली. ढोलवाल्याचा हात थांबला. पालखीवाले जागच्या जागी उभे राहिले. पालखी रस्त्यात असताना सनई तुटणं म्हणजे देवीचा कौल तुटणं, असं तिथे मानतात. एक बाई रडायला लागली.

संध्याकाळच्या आत गावकी सहाणेवर बसली. पंच पाच, आसपासच्या चार वाड्यांचे वाजपी उभे. ते चारही माझी गिऱ्हाइकं. थोरल्या पंचांनी मलाच विचारलं, "वसंता, तू कारागीर. लाकूड फुटलं कशानं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला ते रीमरचे काप दिसत होते. मी म्हणालो, "नव्या लाकडाला रोज तेल पाजावं लागतं. पाजलं नसेल."

तात्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पाजलं होतं," ते म्हणाले. एकदाच म्हणाले. पुन्हा बोलले नाहीत, कारण कारागिरापुढे वाजप्याचं काय चालणार? देवीच्या वाद्याची हेळसांड केली म्हणून एक वर्ष त्यांनी सनईला हात लावायचा नाही, असं ठरलं. एकच वर्ष आहे, मी स्वतःला समजावलं. पुढच्या साली त्यांना मुरलेल्या लाकडाची करून देऊ, फिट्टंफाट.

पण त्याच पावसाळ्यात वाडीच्या वरचा डोंगर खचला. एक गोठा गेला, दोन बैल गेले, आणि बैल सोडवायला आत गेलेला माणूस गेला. तीन दिवस त्याला शोधत होते. मग वाडीला कारण लागलं, आणि कारण सहाणेवर आधीच सापडलेलं होतं. मान कायमचा काढून घेतला. त्या मेलेल्या माणसाची आई तात्यांच्या दारावरून जाताना रोज थुंकायची. हे मला पोलादपूरच्या बाजारात लोक सांगायचे आणि मी लेथ चालू करायचो, म्हणजे ऐकू येऊ नये.

तेव्हा जाऊन खरं का नाही बोललास, असं वाचणारा विचारील. आधी धंद्यासाठी गप्प बसलो. डोंगर खचल्यावर भीतीने गप्प बसलो, कारण आता ते खापर माझ्या डोक्यावर फुटलं असतं. भित्रा माणूस एकदा गप्प बसला की पुढची गप्प बसण्याची कारणं त्याला आपोआप मिळत जातात.

दोनेक वर्षांनी एक मुंबईचे गृहस्थ गाडी पंक्चर झाली म्हणून माझ्या शेडच्या सावलीत बसले. सनया बघून त्यांनी गाडीतून एक पेटी आणली. आत काळं, लांब, रुप्यासारख्या चाव्यांनी मढवलेलं वाद्य. त्याला ओबो म्हणतात, सनईचंच विलायती भावंड, तोंडात तशीच दुहेरी पत्ती. त्यांच्याकडेही हेच भांडण चालतं म्हणाले. लाकडाचा चिरतो, म्हणून काहीजण वरचा अर्धा भाग प्लॅस्टिकचा घेतात, काहीजण पूर्णच. त्यांचा वरचा भाग प्लॅस्टिकचा होता. मला नखाने वाजवून बघेपर्यंत ओळखू आला नाही.

"चिर पडली की दोष कुणाचा, बनवणाऱ्याचा की वाजवणाऱ्याचा?" मी विचारलं.

"ते कधीच सिद्ध होत नाही हो," ते म्हणाले. "बनवणारे म्हणतात, तुम्ही नीट जपला नाही. झालं."

म्हणजे माझी साक्ष खोटी होती ती होतीच, वर विलायतेपर्यंत चालणारी होती. 

मी प्लॅस्टिककडे वळलो तो असा. लोक म्हणतात काळाची पावलं ओळखली. कसली पावलं! मला फक्त न फुटणारी सनई हवी होती. केमिकल कंपन्यांच्या पंपांची बुशं मी ज्या प्लॅस्टिकच्या काळ्या, भरीव दांड्यातून कातायचो, त्यातलाच एक तुकडा घेतला. ह्याचा भुसा पडत नाही, लांबच लांब दोरी निघते आणि रीमरला गुंडाळते. ती सोडवताना दरवेळी मला ते ओले काप आठवतात. पहिल्या चार वाया गेल्या, पाचवी सुरात आली. मग चादर आडवी धरून मागे एकाला लाकडी आणि प्लॅस्टिकची आलटून पालटून वाजवायला लावली आणि पुढे सहा जुनेजाणते वाजपी बसवले. एकालाही धड ओळखता आली नाही. एकाने प्लॅस्टिकच्या सुराला 'हेच खरं शिसव' म्हणून दाद दिली, त्याला मी अजून चिडवतो.

हातात घेतली की मात्र फरक कळतो. प्लॅस्टिक थंड लागतं. घामाने बोट सरकतं. लाकूड तोंडाची वाफ पिऊन टाकतं, प्लॅस्टिक पीत नाही, ते पाणी आत साचून बोटांच्या भोकांत गुरगुरतं, म्हणून मधेच झटकावी लागते. पण ती चिरत नाही, आणि मला तेवढंच पुरेसं होतं. आज माझ्याकडच्या दहांतल्या आठ सनया प्लॅस्टिकच्या जातात. एकही फुटून परत आलेली नाही. ह्या गोष्टीचा मला अभिमान आहे. तो कसल्या ढिगाऱ्यावर उभा आहे ते मला माहीत आहे.

पहिली चांगली जमलेली प्लॅस्टिकची सनई मी तात्यांना नेऊन दिली. डोंगर खचल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. ते अंगणात शिकाकाई निवडत होते. मला बघून उठले, पाणी दिलं. काकी, म्हणजे त्यांची बायको पार्वतीकाकी, आतून बाहेर आल्या नाहीत. तात्यांनी चिरलेल्या सनईचा पितळी पेला काढून नव्या सनईला बसवला, पत्ती भिजवली आणि ओठांना लावली. दोन सूर वाजवले असतील नसतील, थांबले. वाडीला ऐकू जाईल म्हणून थांबले.

"थंड हाय," ते म्हणाले. मग सनई मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत विचारलं, "हिला तेल पाजायचं काय?"

"नाय तात्या. हिला लागत नाय."

"फुटायची नाय?"

"नाय."

"आणि फुटलीच, तर कशानं फुटली म्हणशील?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. मी घड्याळात बघितलं आणि एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठलो. खरं तर एस.टी.ला तासभर अवकाश होता. तो तासभर मी खाली फाट्यावर उभा होतो.

गेल्या दिवाळीनंतर तात्या गेले. मी बाराव्याला गेलो. अंगणात चार माणसं, तीही मुंबईहून आलेली त्यांच्या घरचीच. काकी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी भिंतीकडे बघितलं. खुंटीवर माझी काळी सनई टांगलेली होती आणि तिच्या खाली, खुंटीपासून पार जमिनीपर्यंत, भिंतीवर तेलाचा काळा ओघळ होता. एका दिवसात पडलेला नव्हता. वर्षानुवर्षं थर बसून तिथला गिलावा चिकट झाला होता. मी सनई उतरवली. तिच्या आतून तेल माझ्या मनगटावर उतरलं.

"काकी, हिला तेल लागत नाय. मी तात्यांना सांगितलेलं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. मान तांदळातच. "दर शनवारी पाजायचे. मला म्हनायचे, तू हितं बस आनि बघ. उद्या कोनी इचारलं तर तू साक्ष हायस. मी म्हनायची, अवो, ती पीत नाय, समदं भिताडावर जातंय. तर म्हनायचे, जाऊंदे. पाजलं नाय असं कोनी म्हनायला नको."

माझ्या तोंडून ते शेवटी निघालं. "काकी, ते लाकूड ओलं होतं. मला ठाऊक होतं."

त्यांचा हात थांबला. पण वर बघितलं नाही. "मला नको सांगू. मी घरात होते तवा. त्येनी पाजलं ते मी बघितलंय. जिथं बोललास तिथं जाऊन बोल."

ह्या शिमग्याला गेलो. सहाणेवर सिमेंटचा ओटा आणि वर पत्रा झाला आहे. त्या पाच पंचांतला एकच जिवंत, त्यालाही धड ऐकू येत नाही. मंडळाचा सेक्रेटरी डोंबिवलीहून येतो, डोंगराखाली गेलेल्या त्या माणसाच्या आळीतलाच. त्याला मी म्हणालो, मला गावकीपुढे दोन शब्द बोलायचे आहेत. तो म्हणाला, "बोला काका, पण शॉर्टमध्ये. पालखी उठवायचीय." तात्यांचा मान काढल्यापासून त्या वाडीत सनई कुणी हाती घेतली नाही. पालखी आता महाडहून येणाऱ्या बँजोवर उठते, आणि बँजोवाले तारा जुळवत होते.

मी उभा राहिलो. ज्या जागी तेव्हा उभा होतो, साधारण तिथेच. म्हणालो, ती सनई ओल्या लाकडाची होती, दोष माझा होता, धोंडूतात्यांचा नव्हता. दोन-तीन पोरांनी फोनमधून मान वर केली. म्हाताऱ्या पंचांनी शेजारच्याला विचारलं, काय म्हणतो? शेजारचा म्हणाला, काही नाही, जुनं कायतरी.

मागून, बायकांच्या घोळक्यातून पार्वतीकाकींचा आवाज आला. "मोठ्यानं बोल. आयकू येत नाय."

मी पुन्हा बोललो. घसा ताणून बोललो. तेवढ्यात बँजो सुरू झाला, पालखी उठली, माणसं पुढे सरकली आणि काकी आणि मी सोडून सहाण रिकामी झाली. त्या माझ्याजवळ आल्या नाहीत. पदर सारखा करून पालखीच्या उलट्या दिशेने घरी गेल्या.

म्हणून तिसऱ्यांदा इथे सांगतो. हा अंक मुंबईत आणि महाडात जातो, त्या वाडीची माणसं जिथे जिथे पांगली आहेत तिथे कदाचित पोचेल. लाकूड ओलं होतं. ते मी बघितलं होतं. आणि तात्यांनी तेल पाजलं होतं.